तुआटाराने बोट धरलं ती रात्र

न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीतल्या ताकापोरेवा बेटावर आम्ही तुआटारांची मोजमापं घेत होतो. रात्रीचे अकरा वाजत आलेले, पारा दहा अंशांच्या आसपास. इतक्या थंडीत बहुतेक सरपटणारे प्राणी गारठून पडतात. तुआटारा मात्र शिकारीला निघतो. दिसायला सरड्यासारखा, पण सरडा नव्हे. त्याच्या गणातले बाकी सगळे नातलग कधीच नामशेष झाले, हा एकटा उरला.

बिळाच्या तोंडाशी एक थोराड नर बसला होता. मी त्याला उचललं, पट्टी लावताना पकड सैल झाली आणि त्याने हातमोज्यासकट माझं बोट धरलं.

"ओढू नकोस," सहकारी म्हणाली.

ओढलं नाही, म्हणूनच पुढचं जाणवलं. जबडा मिटल्यावर खालचा भाग हळूच पुढे सरकला. तुआटाराच्या वरच्या जबड्यात दातांच्या दोन रांगा असतात; खालची रांग त्यांच्या मधल्या खाचेत बसते आणि करवतीसारखी पुढे जाते. या हालचालीच्या आकृत्या मी कितीदा काढल्या होत्या! वेटा कीटकाचं टणक कवच तो असंच कापतो, कधी समुद्रपक्ष्याच्या पिल्लाची मानसुद्धा.

लोक मला नेहमी त्याच्या तिसऱ्या डोळ्याबद्दल विचारतात. डोक्यावर तो असतो खरा, भिंग आणि दृष्टिपटलासकट, पण पिल्लू काही महिन्यांचं झालं की खवल्यांखाली झाकला जातो. मला विचाराल तर खरं नवल जबड्यातच आहे.

थोड्या वेळाने त्याने आपणहून बोट सोडलं. विजेरीच्या उजेडात तोंडात पाहिलं, तर दात झिजून जवळपास सपाट झालेले. म्हणून माझं बोट वाचलं. हे दात हाडालाच जोडलेले असतात. झिजले की त्या जागी नवे येत नाहीत. म्हणजे हा बराच म्हातारा. इन्व्हरकार्गिलच्या संग्रहालयातला हेन्री नावाचा तुआटारा 2009 मध्ये बाप झाला तेव्हा सुमारे 111 वर्षांचा होता, हे आठवलं आणि हातातल्या त्या थंडगार अंगाबद्दल एकदम आदर वाटला.

पण असे म्हातारे नर पाहून मला माद्यांची काळजी वाटते. मादी साधारण चार वर्षांतून एकदा अंडी घालते, ती उबायला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतं. त्यात पिल्लू नर होणार की मादी, हे मातीची ऊब ठरवते. एकवीस अंशांच्या जवळपास एखादा अंश चढला, की नरच जास्त निपजतात. माती तापत गेली तर माद्या येणार कुठून?

वजन लिहून घेतलं आणि त्याला बिळाशी ठेवलं. तो सावकाश आत शिरला. आतून टिटीवाइनुई या समुद्रपक्ष्याचा घोगरा आवाज आला. बीळ दोघांचं होतं.