घटक चाचणीऐवजी पावसाची बाटली

या जुलैत सातवीची विज्ञानाची घटक चाचणी मी घेतलीच नाही. प्रत्येकाला सरळ उभ्या कडांची प्लॅस्टिकची बाटली आणायला सांगितली. वरचा भाग कापून उलटा बसवला की झालं पर्जन्यमापक. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, प्रकल्पाला जागा आहेच, आपण शिक्षकच ती चित्रं चिकटवण्यात घालवतो.

रोज सकाळी साडेआठला नोंद, हवामान खात्याचीही हीच वेळ. चाचणीत कायम मागे राहणारी एक मुलगी तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई, बूड खड्ड्याखड्ड्यांचं आहे, मग पट्टी कुठून लावायची?" उपायही तिनंच काढला: आधी खड्डे बुडतील एवढं पाणी भरायचं आणि तिथं शून्याची रेघ मारायची. हे मी शिकवलं नव्हतं!

मग गणित आलं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शाळेचं पत्र्याचं छप्पर टेपनं मोजलं, ६० चौरस मीटर भरलं. २२ मिलिमीटर पडला त्या दिवशी हिशेब निघाला १,३२० लिटर. वर्ग क्षणभर गप्प झाला. उन्हाळ्यात याच मुलांच्या आया टँकरपाशी रांगेत उभ्या असतात.

गुण मी नोंदींना आणि प्रश्नांना दिले. मुलांना आता छपराला पन्हळ हवीय. अर्ज लिहून सरपंचांकडे गेलीत.