आमची वाटचाल : गिलाव्यातून उभी राहिलेली फर्म, वडगाव (बेळगाव)

पाटीवर आज ‘बांधकाम व वॉटरप्रूफिंग’ लिहिलंय, पण आमचा मूळ धंदा गिलाव्याचा, म्हणजे भिंतींच्या प्लास्टरचा. दहावीनंतर मी घमेलं उचललं ते बैलहोंगलकडच्या एका मेस्त्रींच्या हाताखाली. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते कन्नडात सांगायचे, मी मराठीत विचारायचो, काम दोघांनाही कळायचं. थापी त्यांनी लवकर हाती दिली नाही. आधी वाळू चाळ, भिंत भिजव, ओळंबा (भिंत सरळ आहे का ते बघायची वजन बांधलेली दोरी) धर. मी तेव्हा फार तापट, शब्दाला शब्द देणारा. ओळंबा स्थिर होईपर्यंत दोरीवर नजर ठेवून गप्प उभं राहावं लागायचं. माझा राग तिथेच उतरला. अण्णांचा गिलावा घोटायचा सागवानी रंधा आजही माझ्याकडे आहे. मूठ त्यांच्याच बोटांनी झिजलेली. तो मी कुणाला वापरायला देत नाही.

नोटाबंदीने, २०१६ साली, आम्हाला जवळजवळ संपवलं. बिल्डरांची कामं थांबली, बिलं अडकली. त्यातच आमच्याकडेच गुरमाळा धरायला शिकलेल्या एकाने फुटामागे दर पाडून कामं नेली, माणसंही फोडली. वर सांगत सुटला, ‘त्यांचं आता काही खरं नाही.’ मिक्सर विकून मी शनिवारचे पगार केले. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. दर पाडायचा म्हणजे कुठे पाडायचा? तो बाहेरचा गिलावा एकाच हातात, म्हणजे एकाच थरात, उरकायचा. आमच्याकडे पहिला हात १२ ते १५ मिलिमीटर, तो खरवडून ठेवायचा, पाणी मारायचं आणि मगच दुसरा.

त्या दिवसांत येळ्ळूरचे एक निवृत्त गुरुजी पेन्शनीतले पैसे आगाऊ घेऊन आले. म्हणाले, “दोन महिने थांबतो, पण भिंतीला हात तुमचाच लागला पाहिजे.” सकाळ-संध्याकाळ पाणी ते स्वतः मारायचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात पावसाने कहर केला, कितीतरी घरं पडली. गुरुजींच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून साधा ओलसर डागही आला नाही. लोक ती भिंत हात लावून बघून गेले आणि आमच्याकडे कामं परत आली.

घर बांधणाऱ्यांना एवढं सांगतो. कालवलेला माल पाऊण तासात संपला पाहिजे. आळलेल्या मालात पुन्हा पाणी घालताना दिसले तर काम तिथेच थांबवा. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर जाळी मारल्याशिवाय गिलावा चढवू देऊ नका, तडा हमखास तिथेच जातो. पाणी कमीत कमी सात दिवस. आणि पोरांना सुट्टीत एकदा तरी वाळू चाळायला लावा, मग ती इंजिनिअर का होईनात.

तेव्हा फोडून नेलेल्या माणसांपैकी काही जण परत आलेत. त्यांना कामावर घेतलं, पण ओळंब्यापासून सुरुवात करायला लावली. सध्या गुरुजींच्या मुलाचं घर अनगोळात चाललंय. बाहेरचा दुसरा हात राहिलाय, तो मी स्वतः मारणार आहे.