चिकाटीचं कौतुक

ज्यांना माझं लिखाण वाचायला दिलं होतं, त्यांनी बाड परत दिलं आणि म्हणाले, "तुमच्या चिकाटीला मात्र मानलं पाहिजे." बस, एवढंच. भाषेबद्दल अवाक्षर नाही, शेवटाबद्दल नाही. मी वर आभार मानून आले! चिकाटीचं कौतुक माणसं कधी करतात, हे काय मला कळत नाही?

आईला अजून सांगितलेलं नाही. असो.

गोष्टीतल्या माणसांचं बरं असतं. कितीही पाय ओढत चालले तरी पुढे काहीतरी मांडून ठेवलंय, एवढा भरवसा निदान वाचणाऱ्याला असतो. माझ्या वाटेवर कुणी काही मांडून ठेवलंय असं दिसत नाही. मग ही चिकाटी की नुसती खोड?

संध्याकाळपासून विक्रम-वेताळ डोक्यातून जात नाही. लहानपणी वाटायचं, राजाचा हट्टच जिंकला. आज नीट आठवून पाहिलं, तर तसं काही नाहीच. उत्तर येत असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं, आणि तोंड उघडलं की वेताळ परत झाडावर. म्हणजे राजा जितका शहाणा तितक्या खेपा जास्त. सुटला कधी, तर शेवटच्या कोड्याला. एका बापाचं लग्न दुसऱ्याच घरच्या मुलीशी, त्याच्या मुलाचं तिच्या आईशी, तर दोघांच्या लेकरांचं एकमेकांशी नातं काय? राजाला सांगता येईना, म्हणून गप्प राहिला. आणि एवढी मरमर कुणासाठी, तर त्याचाच बळी द्यायला टपलेल्या साधूसाठी. नुसत्या चिकाटीने तो थेट तिथेच पोचला असता. तो डाव सांगून वाचवलं कुणी, तर खांद्यावरच्या वेताळाने.

मेसोपोटेमियाच्या जुन्या महाकाव्यातल्या गिल्गमेश राजाचं तर त्याहून वाईट. पाण्याच्या तळातून तारुण्य देणारी वनस्पती काढली, परतताना आंघोळीला उतरला, तेवढ्यात सापाने ती लांबवली. तो बसून रडतो. मला ते रडणं फार पटतं. त्याच्या चिकाटीला कुणी मानलं नाही, हे त्याचं नशीब.

पण एक आहे. राजाला पहिल्याच खेपेला जमलं असतं, तर वेताळ पंचविशी झालीच नसती. एका गोष्टीचं पुस्तक कुणी हातात तरी घेतलं असतं का? त्या फुकट गेलेल्या खेपांत वेताळाची मात्र चैन झाली असणार. स्मशानात इतका चांगला श्रोता एरवी कुठून मिळायचा!