कोल्हापूरच्या थंडीतला डेलिया

पिओनीच्या फुलांची छायाचित्रे पाहून हे झाड आपल्याकडे लावता येईल का, असे बागेची आवड असलेल्या मैत्रिणी मला वरचेवर विचारतात. कोल्हापुरात ते जमणार नाही, आणि त्याचे कारण आपल्या मातीत किंवा निगेत नाही. पिओनी हिवाळ्यात जमिनीखाली विश्रांती घेते आणि सुमारे ४ अंशांच्या आसपासची थंडी काही आठवडे मिळाल्याशिवाय तिचे डोळे नीट फुटत नाहीत, कळीही धरत नाही. आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटेचे सरासरी तापमानही १४-१५ अंशांच्या घरात असते. काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंत हिमालयात पांढरी पिओनी रानात आपोआप उगवते, तिथे जाऊन ती जरूर पाहावी. पण ऑनलाइन मिळणारे तिचे कंद इथल्या अंगणासाठी मागवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

भरगच्च पाकळ्यांच्या मोठ्या फुलाची हौस आपल्याकडे डेलिया पुरेपूर भागवतो. मेक्सिकोच्या उंच डोंगराळ भागातून आलेले आणि १९६३ पासून त्या देशाचे राष्ट्रीय फूल असलेले हे झाड दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा मागते, गोठवणारी थंडी त्याला नको असते. दिवाळीनंतरचे कोल्हापूर त्याला मानवते ते यामुळेच.

खरी काळजी घ्यावी लागते ती पाण्याच्या निचऱ्याची. नदीकाठची आपली काळी माती उसाला उत्तम, पण ती पाणी धरून ठेवते आणि त्यात डेलियाचा कंद कुजतो. म्हणून मी बारा इंची कुंडीत तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत, थोडी वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण भरते. पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये कंद लावावा. कंद विकत घेताना त्याला जुन्या खोडाचा तुकडा आणि त्यावर डोळा आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण नुसता जाडजूड कंद कितीही टवटवीत दिसला तरी डोळ्याशिवाय फुटत नाही. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा आणि तेव्हाच बांबूच्या कामट्यांचा आधार द्यावा. खोड आतून पोकळ असल्याने फुलाच्या भाराने ते मोडते. नत्रयुक्त खत जास्त झाले तर पानेच माजतात. कुंडीत वरून उसाच्या पाचटाचा थर दिल्यास ओल टिकते, आणि पाचटाला आपल्याकडे तोटा नाही.

मोठे फूल हवे असेल तर फांदीच्या टोकाची कळी ठेवून बाजूच्या दोन कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच काढाव्यात. मन घट्ट करावे लागते खरे, पण पुष्पप्रदर्शनांतली ताटाएवढी फुले अशाच निगेने येतात.

फूल उमलताना रोज सकाळी जवळून पाहण्यासारखे असते. बाहेरची रांग आधी उघडून मागे वळते, तेव्हा मधला भाग हिरवट आणि घट्ट मिटलेला असतो. मग एकेक रांग सुटत जाते आणि शेवटच्या पाकळ्या उलगडेपर्यंत पहिल्यांच्या कडा कोमेजू लागतात. आपण जिला पाकळी म्हणतो ती प्रत्येक येथे स्वतंत्र फुलच असते, कारण डेलिया शेवंती आणि झेंडूच्या कुळातला आहे. दुहेरी, म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या पिओनीचे तसे नाही. तिथे एकाच फुलाच्या पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात. दिसायला इतक्या जवळच्या दोन फुलांनी हा भरगच्चपणा अगदी वेगळ्या वाटांनी साधावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

बहर संपून पाने पिवळी पडली की पाणी तोडावे, खोड चार बोटे ठेवून कापावे आणि कंद हलक्या हाताने उपसावेत. सावलीत सुकवून ते पेटीत कोरड्या वाळूत ठेवले, तर उन्हाळा आणि आपला दांडगा पावसाळा निभावतात. मधून मधून पेटी उघडून मऊ पडलेला कंद मात्र लगेच काढून टाकावा, नाहीतर शेजारचेही नासतात.