हा मांडव कुठला, तुम्ही विचारलंत म्हणून

टिळकवाडीतल्या माझ्या ऑफिसात नकाशासाठी आलेला माणूस खुर्चीत टेकला की पाचेक मिनिटांत त्याची नजर माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे जाते. तिथं एक मोठा फोटो लावलाय. छतभर पानंच पानं, पानांतून लोंबणारे कंदील, खाली खुर्च्यांच्या ओळी. मग प्रश्न येतोच. "मॅडम, हा मांडव कुठला ओ? लग्नाचा काय?"

मी सांगते, मांडव नव्हे, थिएटर आहे. कॅनडात, टोरांटोला. थॉमस लॅम्ब नावाच्या आर्किटेक्टनं १९१३-१४ साली बांधलेलं. की लगेच दुसरा प्रश्न: "खरं, बेळगावात बसून तुमचा नि त्याचा संबंध काय?" समोर नकाशा पसरलेला असतो, माणूस घाईत असतो, उत्तर अर्धवटच राहतं. आज सगळं सांगते.

संबंध माझ्या अप्पांपासून आहे. अप्पा इथल्याच एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर केबिनमध्ये जायची. मशीनच्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर असायच्या. त्यांची टोकं एकमेकींना टेकवून किंचित मागं घेतली की मधल्या फटीत लखलखीत उजेड पेटायचा, आणि त्या उजेडावर पडद्यावरचं सगळं चालायचं. कांड्या जळून आखूड होत, तसतशी फट वाढे. मग अप्पा काळ्या काचेतून बघत बघत चक्री फिरवून त्या पुन्हा जवळ आणत. एवढ्याशा फटीकडे दिवसाचे नऊ-दहा तास डोळे लावून बसणारा माणूस होता तो.

पण मशीनला हात लावायच्या आधी त्यांचं एक काम ठरलेलं असे. प्रत्येक खेळाआधी ते खाली उतरत आणि बाजूची चारही दारं एकेक करून तळव्यानं ढकलून बघत. दार बाहेर उघडलं की ओढून घेत आणि पुढच्या दाराकडे जात. मी मागून चालायची. एका दुपारी डाव्या हाताचं दुसरं दार हललं नाही. पोरं फुकट घुसतात म्हणून मॅनेजरनं बाहेरून कुलूप घातलं होतं. अप्पा वर आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "किल्ली आली की मशीन सुरू." खाली शिट्ट्या, खुर्च्यांवर धपाधप हात. मॅनेजर जिना चढून आला, ओरडला, खाली गेला. वीस मिनिटांनी कुलूप निघालं. अप्पांनी परत खाली जाऊन दार ढकलून बघितलं, मग वर येऊन कांड्या पेटवल्या. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. त्यांच्या पगारातून त्या दिवसाचे पैसे कापले गेले हे मला फार उशिरा कळलं, तेही आईकडून.

पुढं मी आर्किटेक्ट झाले. शिकत असताना शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरबद्दल वाचलं. ३० डिसेंबर १९०३, दुपारचा खेळ, नाताळच्या सुट्टीमुळे पोराबाळांनी भरलेलं थिएटर. रंगमंचावरच्या आर्क दिव्याची ठिणगी पडद्याला लागली. काही दारं कुलूपबंद होती, काही मखमली पडद्यांमागं झाकलेली. सहाशेवर माणसं गेली. इमारत महिन्याभरापूर्वीच उघडली होती आणि ती जळूच शकत नाही अशी तिची जाहिरात होती. अप्पांच्या केबिनमधला उजेड म्हणजे तोच आर्क. त्यांनी शिकागोचं नाव कधी ऐकलं नसेल, पण जाणायचं ते त्यांनी जाणलं होतं.

तशात लॅम्ब सापडला. स्कॉटलंडमधल्या डंडीचा जन्म, लहानपणीच घरच्यांबरोबर अमेरिकेला. न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये वास्तुकला शिकला आणि सुरुवातीला काय केलं, तर शहराच्या नोकरीत इमारतींची तपासणी. इन्स्पेक्टर! हे वाचलं आणि मी पुस्तक खाली ठेवलं. तीनशेहून अधिक थिएटरं ज्याच्या नावावर आहेत, तो माणूस आधी दुसऱ्यांच्या इमारतींत फिरून दारं-जिने बघत होता.

१९०९ मध्ये विल्यम फॉक्सनं त्याला न्यूयॉर्कमधलं सिटी थिएटर दिलं. फॉक्स म्हणजे पुढं ज्याच्या नावाची फिल्म कंपनी झाली तोच. त्या काळी सिनेमा म्हणजे दुकानाच्या गाळ्यात बाकडी टाकून पाच सेंटला दाखवायची गंमत. चांगल्या घरची माणसं तिकडं फिरकत नसत. ती यावीत म्हणून सिनेमाला घर हवं होतं, आणि ते लॅम्बनं बांधून दिलं. १९१३ चं हार्लेममधलं रीजंट, १९१४ चं ब्रॉडवेवरचं जवळजवळ तीन हजार खुर्च्यांचं स्ट्रँड, १९१९ चं कॅपिटॉल, चार हजारांहून मोठं. एवढी माणसं एका छपराखाली बसवायची, सगळ्यांना पडदा दिसला पाहिजे, बाल्कनीखाली खांब आडवे यायला नकोत, आणि खेळ सुटल्यावर पुढच्या खेळाच्या गर्दीत न अडकता माणसं रस्त्यावर पोचली पाहिजेत. प्लास्टरची नक्षी, झुंबरं हे सगळ्यांना दिसतं. मला त्याच्या नकाशांतले जिने जास्त आवडतात.

भिंतीवरचा फोटो आहे तो विंटर गार्डनचा. टोरांटोच्या यंग स्ट्रीटवर जागा अरुंद होती, म्हणून लॅम्बनं एकावर एक दोन थिएटरं रचली. खाली एल्गिन, आणि त्याच्या माथ्यावर, सात मजले उंच, विंटर गार्डन. वरच्याच्या छताला बीच नावाच्या झाडाच्या खऱ्याखुऱ्या फांद्या टांगल्या, खांबांना झाडांच्या बुंध्यांचं रूप दिलं, भिंतींवर हातानं वेली-फुलं रंगवली. आपल्याकडे मांडवाला आंब्याचे डहाळे बांधतात, तीच कल्पना. तुम्ही मांडव म्हणता त्यात चूक काहीच नाही. बोलपट आल्यावर १९२८ मध्ये वरचं थिएटर बंद झालं आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ तसंच कुलपात राहिलं, पानांसकट. १९८१ मध्ये तिथल्या वारसा संस्थेनं ती इमारत घेतली. भिंतींवरचं काम जलरंगाचं, ओलं फडकं लावायची सोय नाही. तेव्हा माणसांनी शेकडो पौंड कच्ची कणीक घेऊन, तिचे गोळे भिंतीवर टेकवून टेकवून धूळ उचलली. नव्या फांद्या आणल्या, त्यांना आग धरू नये असं औषध दिलं आणि पुन्हा टांगल्या. १९८९ मध्ये थिएटर उघडलं. कणकेचं मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग बायकाच असणार कामाला."

लॅम्बनं हिंदुस्थानातही काम केलं हे सांगितलं की लोकांचे चेहरे बदलतात. मुंबईत धोबी तलावावरचं मेट्रो त्याचंच. एमजीएम या अमेरिकी सिनेमा कंपनीसाठी केलेलं, १९३८ मध्ये उघडलेलं. कलकत्त्याचं मेट्रोही त्याचंच. गंमत बघा, विसाच्या दशकाच्या शेवटी तो अमेरिकेतल्या थिएटरांना हिंदुस्थानी, इराणी साज चढवत होता. न्यूयॉर्कच्या एकशे पंचाहत्तराव्या रस्त्यावरच्या १९३० च्या थिएटरात तर आपल्याकडच्या देवळांची आठवण यावी असं नक्षीकाम आहे. आणि मुंबईला मात्र त्यानं दिलं ते सरळ रेघांचं, नव्या चालीचं, अमेरिकी. तिकीट काढणाऱ्याला जिथं एरवी जाता येणार नाही तिथं नेऊन बसवायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आमच्या टॉकीजमधल्या थर्ड क्लासच्या बाकड्यावर बसलेला हमालसुद्धा तीन तास दुसरीकडंच असे, मी वरच्या खिडकीतून बघितलंय.

१९८५ मध्ये मी अप्पांना मेट्रो दाखवायला नेलं. रात्रभर एसटीचा प्रवास, सकाळी भावाच्या खोलीवर आंघोळ आणि दुपारी थेट मेट्रो. मला वाटलं होतं, ते जिना बघतील, झुंबर बघतील. अप्पा आत आले, खुर्ची शोधायच्या आधी बाजूच्या दारापाशी गेले आणि तळवा टेकवला. डोअरकीपर धावत आला. अप्पा त्याला म्हणाले, "हलकं आहे. चांगलं आहे." मग येऊन बसले. सिनेमा कुठला होता ते मला आठवत नाही.

लॅम्ब १९४२ मध्ये गेला. त्याची पुष्कळ थिएटरं पाडली. सॅन फ्रान्सिस्कोचं फॉक्स, साडेचार हजारांवर खुर्च्यांचं, १९२९ मध्ये उघडलं आणि १९६३ मध्ये जमीनदोस्त झालं. काहींची चर्च झाली. रीजंटचं झालं, एकशे पंचाहत्तराव्या रस्त्यावरच्या थिएटराचंही झालं. निदान तिथं अजून माणसं रांगेनं बसतात आणि समोर बघतात. अप्पांच्या टॉकीजच्या जागी आज तीन मजली दुकानं आहेत, आणि मी त्या बाजूनं जायचं टाळते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१५ मध्ये उघडलेलं, म्हणजे लॅम्बच्या विंटर गार्डनच्या अगदी बरोबरीचं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची, म्हणजे ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायक-नटाची, जयंती होती. आमच्या भागातल्या नाटकवेड्यांना ते नाट्यगृह परगावचं कधी वाटलंच नाही. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक केलं ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ बघून, आणि संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर तर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. सीमा नंतर आली. रविवारी मी कोल्हापूरला गेले. दगडी दर्शनी भिंत उभी होती आणि तिच्या मागं, छप्पर असायला हवं तिथं, आभाळ. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ चप्पल काढून उभे होते. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही.

तेव्हापासून मी एक ठरवलंय. सभागृह असो, मंगल कार्यालय असो, दारांच्या बाबतीत मी ऐकत नाही. सध्या खानापूर रोडला एका कार्यालयाचं काम चालू आहे, सहाशे माणसांचं. मालक भला माणूस आहे, माझा फोटो त्यालाही आवडतो, त्याला छताला तशीच पानं हवी आहेत. पण बाजूच्या तीन दारांपैकी एक त्याला नको आहे, तिथं भांड्यांची खोली करायची आहे. "दोन पुरे की ओ, अक्का." पानं करू म्हटलं, आग न धरणारी करू, पण दारं तीनच आणि तिन्ही बाहेर उघडणारी. पहिल्या दोन दारांच्या चौकटी बसल्या. तिसऱ्यासाठी उद्या सकाळी परत जाणार आहे.