लोणारजवळ आजचा मुक्काम

मोटरहोम, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, शेतात घेताना मालक काका म्हणाले, "बाबू, वावरात नको लावू, मुरमावर लाव. रातच्याला पाणी आलं तं चाकं फसतीन." अगदी खरं. काळी माती भिजली की एवढी जड गाडी सोडत नाही.

मुरमावर घेतली, उताराकडच्या चाकांखाली फळ्या सारल्या आणि स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत, म्हणजे गाडी सपाट होईपर्यंत, पुढे-मागे केली. आमचा फ्रिज गॅसवरचा, कललेल्या गाडीत तो नीट थंडच करत नाही. मग हँडब्रेक, चाकांना ठोकळे, आणि शेवटी कोपऱ्यांचे जॅक. हे जॅक गाडी डुलू नये म्हणून असतात, उचलायला नव्हेत. लोक त्यांच्यावरच गाडी सपाट करायला जातात, ते पाहून खरंच जीव तुटतो. सांगत जा रे एकमेकांना!