मारुती ८०० सिग्नलला का तापते: पाण्याआधी वारा तपासला

शिरोलीपासून कागलपर्यंत हायवेला तापमानाचा काटा मध्याच्याही खाली. कोल्हापुरात कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली की काटा चढायला लागतो, पुढं रस्ता मोकळा मिळाला की परत उतरतो. गाडी १९९६ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, बिगर एसी. ज्याला सांगावं तो म्हणतो, रेडिएटर बदलून टाक.

मला ते पटत नव्हतं. पळत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानं ओढून घ्यावा लागतो. रेडिएटर आतून गाळानं भरला असता तर पन्हाळ्याच्या चढाला, इंजिनवर जोर येतो तिथं, गाडी आधी तापली असती. तिथं ती गार राहते. उद्यमनगरातल्या रेडिएटरवाल्या मिस्त्रींनीही तेच सांगितलं, "मालक, कोअर, म्हणजे रेडिएटरची आतली जाळी, खोलायची घाई नको. आधी वारा कुठनं येतोय बघा."

काटा खरं बोलतोय का, हे आधी पाहिलं. इन्फ्रारेड गन चकचकीत ॲल्युमिनियमवर धरली तर आकडा कमी दाखवते, म्हणून थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडं पाणी सोडणारी झडप) हाउसिंगवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर मोजलं. अंगणात आयडलला, म्हणजे जागेवर उभी ठेवून इंजिन चालू सोडलेली गाडी १०३ अंशांपर्यंत गेली, पंखा सतत चालू असूनही. म्हणजे काटा खोटा नव्हता. कोल्हापूरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९८ च्या आसपास उकळतं, रेडिएटरचं ०.९ बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर ते ११८ च्या आसपास जातं. त्यामुळे गाडी अजून उकळत नव्हती, पण त्या वाटेवर होती. झाकणाचं रबर तडकलं असेल तर ते आधी बदला, आणि गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका.

बेल्टचा ताण, आयडल आणि ठिणगीचं टायमिंग बरोबर होतं. रेडिएटरच्या जाळीसमोर कागद धरला, तो चिकटला, पण ढिला. पंखा फिरतोय आणि योग्य दिशेनं फिरतोय, एवढं कळलं. वायरिंगला हात लागलेल्या गाडीत हे बघाच, कारण प्लस-मायनस उलटं जोडलं गेलं की हा पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत बसतो.

मग मल्टीमीटर. पंखा चालू असताना बॅटरीवर १३.४ व्होल्ट, पंख्याच्या सॉकेटवर १०.६. मधले २.८ गेले कुठं? मीटरची एक पिन पंख्याच्या काळ्या वायरला, दुसरी बॅटरीच्या मायनसला लावली: १.९. अर्थिंगमध्येच, म्हणजे बॉडीतून मायनसकडं परतणाऱ्या वाटेत, एवढे वाया. बोल्ट खोलल्यावर कारण समोरच दिसलं. डेंटिंग-पेंटिंग झालं तेव्हा अर्थिंगची पट्टी रंगावरच आवळलेली होती, आणि रंगाखाली गंज. उरलेला ०.९ सॉकेटच्या काळ्या पडलेल्या पिनेत. पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, पट्टी बसवून वर ग्रीस लावलं, पिन नवी घातली. आता सॉकेटवर १३ मिळतात आणि पंख्याचा आवाजच वेगळा येतो.

तरी तापमान ९९ च्या खाली येईना. इथं कामाला आली उदबत्ती. इंजिन गार, पंख्याला बॅटरीवरून थेट करंट, आणि पेटती उदबत्ती पंख्याच्या श्राउडच्या (पंख्याभोवतीचं आवरण) कडेनं हळूहळू फिरवली. (पेट्रोलची गाडी आहे. कुठं गळती नाही याची खात्री करूनच हे करा.) वरच्या आणि डाव्या कडेला धूर सरळ वर जात होता. खालच्या कडेला मात्र तो एकदम वाकून श्राउडच्या फटीत शिरला! खालची क्लिप तुटलेली, श्राउड कोअरपासून बोटभर सुटलेलं. पंखा जाळीतून गार हवा ओढायची सोडून फटीतून इंजिनचीच गरम हवा ओढत होता. हा धूर वळताना पाहिला तेव्हा मला जो आनंद झाला, तो नवा रेडिएटर आणून झाला नसता.

क्लिप बदलली, कडेनं फोमची पट्टी लावली. त्याच हातानं जाळी धुतली. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून फिरलेल्या गाडीच्या जाळीत काय काय निघतं ते आपल्याकडच्यांना सांगायला नको: पाचटाचे तुकडे, काजळी, किडे. पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेर, नळाच्या साध्या धारेनं. सर्व्हिसिंगचा प्रेशर जेट मारला की जाळीच्या पट्ट्या मुडपतात आणि वाट कायमची बंद होते.

आता अंगणात उभ्या गाडीचा पंखा ९४ ला लागतो, ८८ ला बंद होतो, थोड्या वेळानं परत लागतो. पंखा मधूनच बंद होतोय, यापेक्षा चांगली खूण नाही. दुपारी दाभोळकर कॉर्नरला अडकलो तेव्हाही काटा मध्याच्या वर गेला नाही.

एक काम बाकी आहे. हायवेला काटा इतका खाली का राहतो, म्हणून हाउसिंग खोललं तर आत थर्मोस्टॅटच नाही. तापते म्हणून कुणीतरी कधीतरी काढून टाकलेला. गार इंजिन पेट्रोल जास्त पितं, चोकही उशिरापर्यंत लागतो. नवा थर्मोस्टॅट आणलाय. बसवण्याआधी भांड्यात पाणी तापवून तो किती अंशांना उघडतो ते बघणार आहे, मग गाडी परत अंगणात उभी करून हेच आकडे घेईन.